दुसऱ्या दिवशीचा टोस्ट

सिस्टरने माझ्यासमोर टोस्ट आणि सूप ठेवलं. तिची पाठ वळते न वळते तोच आमच्या ह्यांनी ते ताट उचलून खिडकीत नेऊन ठेवलं.

"अहो, माझं आहे ते!"

"माहीत आहे. थोडं थांबू या."

"कशासाठी?"

"आधी वारा सरू दे."

मला हसू फुटलं, आणि टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. आदल्या दिवशी माझ्या मोठ्या आतड्यातला गाठ आलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. पूर्वी अशा ऑपरेशननंतर वारा सरेपर्यंत पेशंटला काही म्हणजे काही खायला द्यायचे नाहीत. नाकात नळी, ओठ कोरडे, आणि सकाळ-संध्याकाळ तीच चौकशी. ही उपासमार बिनकामाची आहे, दुसऱ्या दिवशी खाल्लं म्हणून जोड सुटत नाही, उलट माणूस लवकर उठतो, हे सिद्ध करण्यात ज्यांनी उभी हयात घालवली, ते आतड्यांचे सर्जन म्हणजे हेच गृहस्थ. माझं ताट पळवणारे.

काय काय झालं त्यापायी! वरिष्ठांनी वेड्यात काढलं. परिषदेत लोक तोंडावर हसले. निबंध साभार परत यायचे आणि मी ते पुन्हा टाइप करायची. पाहुणे जेवत असताना हे वाऱ्याचा विषय काढायचे. मुलीने मैत्रिणींना घरी आणणंच सोडलं. मग हळूहळू ह्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणी गेले, आपापल्या वॉर्डात तसंच करू लागले, आणि शेवटी पुस्तकं बदलली. तोवर आम्ही म्हातारे झालो होतो.

आता मुलीच्या गावी ऑपरेशन ठरलं, तेव्हा ह्यांनी आधीच बजावलं होतं, "मी कोण ते सांगायचं नाही. ओळख कळली की सर्जनचा हात जड होतो."

"तुम्हीच लिहिलंय ना सगळं?" खिडकीतल्या ताटाकडे बघत मी विचारलं.

"ते पेशंटबद्दल लिहिलंय."

"मग मी कोण?"

ते खुर्चीत बसले आणि पांघरुणावरून माझा पाय धरून राहिले. "थोड्याजणांचा जोड सुटतोच गं. खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. आकड्यांत ते ठीक वाटतं."

घाबरले तर मीही होते. पण ते ताट तसंच परत गेलं असतं, तर ह्यांच्या त्या कामापायी इतक्या संध्याकाळी मी एकटीने कशासाठी काढल्या, असं मला वाटत राहिलं असतं.

तेवढ्यात राउंडला आमची सर्जन आली. मुलीपेक्षाही लहान, केस घाईत बांधलेले.

"काकू, ताट तिकडे कसं गेलं? काका, खाऊ द्या की त्यांना."

"इतक्या लवकर?" हे म्हणाले. "कुणी ठरवलं हे?"

"ठरवायचंय काय त्यात? असंच करतात," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मला वाटलं, लागलं असेल ह्यांना. नावाचा पत्ताच नाही. पण ह्यांचा चेहरा सैल पडत गेला.

"ऐकलंस? असंच करतात म्हणे!"

त्यांनी ताट आणलं, टोस्ट सुपात बुडवला आणि मला भरवला. मी सावकाश चावून गिळलं आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सरला. चांगला खणखणीत. खुर्चीत डुलकी घेणारे हे दचकून जागे झाले, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हसता हसता रडले. मीही रडले. एवढं हलकं आम्हाला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

नाश्ता आला. शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशी आतड्याचंच ऑपरेशन झालेल्या आजी होत्या. त्यांचा मुलगा ताट हातात धरून तसाच उभा होता. आई हात पुढे करत होती आणि तो मागे सरत होता.

हे उठून त्याच्यापाशी गेले. आता सांगतील आपण कोण ते, असं मला वाटलं.

"द्या हो आईला," ते म्हणाले. "असंच करतात."

मग परत येऊन माझ्या ताटात उरलेला टोस्ट त्यांनी उचलला आणि भराभर खाल्ला. माझ्या ऑपरेशनपासून ते स्वतः उपाशी होते.