दारातून ओळखलेला माणूस

प्रभंजन मळमड्डीच्या घरी परत आला तेव्हा त्याची तीन वर्षश्राद्धं होऊन गेली होती. दार अंबूताईंनी उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांना वाटलं, सिलिंडरवाला आला असेल. समोरचा माणूस "आई" म्हणाला आणि त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या.

त्यांची मुलगी नेत्रा त्या वेळी हुबळीत कॉलेजवर चित्रकलेचा इतिहास शिकवत होती. प्रभंजन तिचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. आणि तो गेला ही बातमी या घरात आणली होती ती नेत्रानंच.

अण्णा पूर्वी तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर होता. हात चांगला होता त्याचा. डाव्या तर्जनीचं टोक तिथंच मशीनमध्ये गेलं, आणि त्यानंतर की त्याच्या आधीपासूनच, कोण जाणे, दारू सुरू झाली. मग तो घरातून निघून जायला लागला. कधी गदगच्या स्टँडवरून, कधी मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरून कुणीतरी फोन करायचं आणि नेत्रा त्याला आणायला जायची. त्याला न्हाऊमाखू घालायची, डॉक्टरकडे न्यायची. तो माणसात यायचा, आणि पुन्हा एखाद्या सकाळी त्याच्या चपला जागेवर नसायच्या. नेत्राचं लग्न ठरता ठरता राहिलं ते यातच. "आजार आहे तो, त्याचा काय दोष," असं ती लोकांना सांगायची. मनातून मात्र ती पार विटून गेली होती.

शेवटचा फोन आला तो सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यातून. रस्त्यावर वाहनानं उडवलेला माणूस. अंगात कारखान्याचं जॅकेट, खिशावर प्रभंजनचं नाव शिवलेलं. नेत्रा एकटीच गेली. शवागाराच्या दारात वासानं तिला गरगरलं. आतल्या माणसानं चादर जराशी उचलली.

"तोंडाचं काही राहिलं नाही, बाई. जवळ या, अंगावरची एखादी खूण बघा."

टेबल तिथून फार लांब नव्हतं. चादरीच्या टोकाला दोन्ही पाय उघडे पडलेले दिसत होते. उजव्या पायाची दोन बोटं तिला एकमेकांना जुळलेली वाटली. सूज असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. हात चादरीखाली होते.

"तोच आहे," ती म्हणाली.

"हात बघून घ्या की एकदा."

"नको. माझा भाऊ आहे तो. मला कळत नाही का?"

त्या माणसानं चादर सोडली. अंत्यसंस्कार तिथंच उरकले. परतताना बसमध्ये तिला गाढ झोप लागली, कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी.

पुढच्या काही महिन्यांत तिनं थोमावर लिहायला घेतलं. थोमा हा येशूचा शिष्य. मेलेला गुरू उठून भेटून गेला असं बाकीचे शिष्य सांगत होते, पण थोमा अडून बसला: खिळ्यांच्या जखमांत बोट आणि त्याच्या कुशीत हात घातल्याशिवाय मी मानायचा नाही. आठवड्यानं येशू त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, घाल हात. बायबलातल्या शुभवर्तमानात थोमानं हात घातला असं कुठंच लिहिलेलं नाही. तो नुसता त्याला देव म्हणून हाक मारतो. चित्रकारांना तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी शतकानुशतकं थोमाचं बोट जखमेत घातलेलं रंगवलं. कुठं बोटानं कातडी वर उचलली गेलेली, कुठं येशूनंच त्याचं मनगट धरून बोट आत नेलेलं. नेत्रानं या चित्रांवर निबंध लिहिला. हात लावून खात्री करून घेणारी श्रद्धा हलकी, न शिवता मानणारी थोर, असा तिचा निष्कर्ष. निबंध नावाजला गेला, तिला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली. नेमका हाच विषय आपल्याला का सुचला, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

अण्णा परतला त्या शनिवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दाराशी अनोळखी सँडल होते. आत सोप्यावर अंबूताई एका माणसाचा डावा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या त्याच्या तुटक्या बोटावरून अंगठा फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा, जपमाळेचा मणी फिरवावा तसा. भिंतीवर त्याच्याच फोटोला चंदनाचा हार होता.

"अण्णा आला, नेत्रा," अंबूताई म्हणाल्या. "बघ की. हात लावून बघ. ऊन आहे गं अंग त्याचं."

नेत्रा दारातच थांबली. अण्णाचे केस पांढरे झाले होते, गाल भरले होते, नजर स्वच्छ होती. तो उठला, दोन पावलं पुढे आला आणि तिचा चेहरा पाहून तिथंच थांबला.

"मी मेलो होतो म्हणे," तो हळूच म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं: मिरजेत एका व्यसनमुक्ती केंद्रानं त्याला ठेवून घेतलं, मग इचलकरंजीत एका वर्कशॉपमध्ये तो कामाला लागला. दारू सुटून दोन वर्षं झाली होती. फोन करायला हात उचलायचा, पण कोणत्या तोंडानं बोलायचं, हे सुचायचं नाही.

रात्री जेवताना अंबूताईंनी विचारलं, "नेत्रा, तू बघितलं होतंस ना? बोट बघितलं होतंस ना त्याचं?"

"अंधार होता तिथं, आई."

अंबूताईंनी मान हलवली. मुलीच्या शब्दावर शंका घेण्याची त्यांना सवय नव्हती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मग ते लेकरू कुणाचं होतं गं?"

अण्णानं ताटातून मान वर केली नाही. नेत्रा पाणी आणायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवारी हुबळीच्या एका जुन्या चर्चमध्ये तिचं व्याख्यान ठरलेलं होतं. ईस्टरनंतरचा रविवार, थोमाचीच गोष्ट वाचायचा दिवस. तिच्या कॉलेजातल्या ज्येष्ठ सहकारी एस्तर मॅडमनी मोठ्या हौसेनं ते जमवून आणलं होतं. आयत्या वेळी नाही म्हणणं तिला जमलं नाही. अण्णा म्हणाला, मीही येतो, तू बोलतेस ते कधी ऐकलं नाही. तिच्या स्कूटरवर मागे बसून तो आला आणि शेवटच्या बाकावर बसला.

नेत्रानं पडद्यावर आधी मरीया मग्दालीयाचं चित्र दाखवलं. कबरीपाशी रडणाऱ्या मरीयेला येशू भेटतो, ती पुढे झेपावते आणि तो म्हणतो, मला शिवू नकोस. मूळ ग्रीक शब्दात शिवण्यापेक्षा धरून ठेवण्याचा अर्थ जास्त आहे, हे तिनं नेहमीसारखं समजावून सांगितलं. मग थोमाचं चित्र आलं. वाकलेला, कपाळाला आठ्या पडलेला म्हातारा, आणि त्याचं मळकं बोट.

हे चित्र तिनं शंभरदा दाखवलं असेल. आज तिला त्या आठ्या वेगळ्या दिसल्या. हा माणूस हट्टी नव्हता. याला आपला माणूस हवा होता. दुसरा कुणी नको, कुणी सांगितलं म्हणून नको, तोच हवा होता. म्हणून त्यानं जखमच मागितली. ज्याला गुरू नकोसा झाला असता त्यानं दारातूनच मान डोलावली असती.

ती बोलायची थांबली. लोक वाट पाहत होते. शेवटचं वाक्य, न शिवता मानणाऱ्याच्या थोरवीचं, तिला तोंडपाठ होतं. ते तिनं म्हटलं नाही. "माझ्या निबंधात मी थोमावर अन्याय केलाय," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. एस्तर मॅडमनी प्रसंग सांभाळून घेत प्रार्थना सुरू केली.

परतताना उणकलच्या तळ्यापाशी अण्णा म्हणाला, "जरा थांबव गाडी." दोघं काठाच्या कट्ट्यावर बसली.

"तू हात बघितला नव्हतास ना त्याचा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"का गं?"

नेत्रानं तळ्याकडे बघत सांगितलं, "हात बघितला असता आणि तू नसतास, तर परत तुला शोधायला लागलं असतं. मला ते संपवायचं होतं, अण्णा. तो तूच असावास असं मला वाटत होतं. पाय बघून शंका आली होती. तरी हो म्हटलं."

अण्णानं तिची समजूत घातली नाही, रागही केला नाही. "मला तेव्हा स्वतःबद्दल तसंच वाटायचं," तो म्हणाला. "पण तुझ्या तोंडून ऐकायला जड जातंय." मग म्हणाला, "जॅकेट मी पिंटूला दिलं होतं. तुला फोन आला त्याच गावच्या स्टँडवर आम्ही शेजारी शेजारी झोपायचो. त्याला थंडी वाजून ताप भरला होता. मीच त्याच्या अंगात चढवलं ते. हुबळीचाच होता. स्टेशनपलीकडच्या वस्तीत आई आहे, पारूबाई, असं सांगायचा."

दोघं तिथूनच हुबळीला मागे फिरली. घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, दारात लखलखीत घासलेली भांडी उन्हात पालथी घातलेली. पारूबाई अंबूताईंच्याच वयाच्या, उंच, वाळलेल्या. अण्णानं पिंटूचं नाव काढलं तशी त्यांनी दोघांना आत घेतलं, सतरंजी अंथरली. सगळं नेत्रानंच सांगितलं.

"तो पिंटूच कशावरून?" पारूबाईंनी विचारलं. त्यांच्या स्वरात आशा होती, आणि ती मोडायची पाळी नेत्रावर आली होती.

"उजव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती. अंगठ्याशेजारची."

पारूबाईंनी लुगडं घोट्यापर्यंत वर ओढून स्वतःचा उजवा पाय पुढे केला. "अशी?"

नेत्रा बसल्या जागेवरून बघत राहिली.

"लांबून काय कळतंय तुला. इकडं ये. नीट बघ आणि सांग."

ती पुढे सरकली, वाकली. टाच भेगाळलेली होती. अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत एका कातडीत होती. तिनं त्यांच्यावर बोट ठेवलं. पाय कढत होता, धुळीनं खरखरीत.

"अशीच," ती म्हणाली.

पारूबाईंनी पाय मागे घेतला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्याला हात कुणी लावला? आंघोळ कुणी घातली?"

"मी नाही लावला. कुणी घातली की नाही, मला माहीत नाही. मी बाहेर उभी होते."

"पण माझा माझा म्हणून जाळलास."

पारूबाई तिच्याकडे पाहायच्या थांबल्या. त्यांनी अण्णाला जवळ बोलावलं आणि जॅकेट कसं चढवलंस, तो काय बोलला, जेवला होता का, असं सगळं विचारून घेतलं. बोलताना त्यांनी त्याचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. नेत्रा सतरंजीच्या कडेला बसून राहिली. उठून जाण्याची मुभा आपल्याला नाही, हे तिला कळत होतं.

घरी येऊन तिनं अंबूताईंना खरं काय ते सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. दोन दिवस त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तीन वर्षं मी त्या मुलाला पान वाढत आले. आता त्याच्या आईला तोंड दाखवायला मला ने."

नेत्रानं आणि अण्णानं त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. पुढच्या पौर्णिमेला पारूबाईंनी वस्तीतल्या विहारात पिंटूसाठी वंदना ठेवली. निरोप अण्णाला आला होता. अंबूताईही निघाल्या, आणि नेत्रानं स्कूटर काढली नाही, त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. विहारात बायका वळून वळून तिच्याकडे पाहत होत्या. ही तीच, असं कुणीतरी कुजबुजलं. मान खाली घालून ती मागच्या रांगेत बसली.

वंदना झाल्यावर जेवणाच्या पंगती बसल्या. वाढायला पारूबाई स्वतः होत्या. अंबूताईंपाशी त्या थांबल्या; दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या, मग पारूबाईंनी त्यांच्या पानात एक पोळी आग्रहानं जास्त घातली. नेत्रापाशी आल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. भात वाढला, वर आमटी घातली आणि त्या पुढच्या पानाकडे वळल्या.