हात धुण्याचा प्रसंग

"मिस्त्री, आता त्या मेहुणीचं पुढे काय होणार? तुम्हाला तर ठाऊकच असेल," सोसायटीच्या सेक्रेटरीने डोळा मारत विचारलं.

पंप उघडून बसलेल्या मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "मालिका तुम्ही बघता, मला काय विचारता?"

"पण नायक तुम्हीच ना?"

तेवढं मात्र खरं होतं. मिस्त्रीच्या बायकोने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, प्रेमाची, आणि तिच्यातला पंप दुरुस्त करणारा नायक सरळ नवऱ्यावरून उचलला. हा नायक कामावरून आला की आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुवायचा आणि तळवे बायकोच्या नाकाशी धरायचा. तिने 'हं' म्हटलं की मगच तिला हात लावायचा. घरातलं हे गुपित छापून आलं तेव्हा मिस्त्री कितीतरी दिवस रस्त्याने मान खाली घालून चालत होता. मालिकेचे हक्क तिने हौसेने दिले आणि मालिका यायच्या आत ती गेली.

मालिकेने नायकाला एक मेहुणी दिली. पुस्तकात ती नव्हतीच. परवाच्या भागात नायकाने हात धुतले आणि तळवे धरले ते मेहुणीच्या नाकाशी. झालं, गल्लीने ठरवून टाकलं, बायकोने झाकलं ते मालिकेने दाखवलं. मिस्त्रीची खरी मेहुणी रोज दुपारी डबा घेऊन त्याच्याबरोबर जेवायला यायची, ती येईनाशी झाली. बायको गेल्यावर त्याच्या घरात बोलायला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

मालिकावाल्यांना त्याने फोन केला होता. पलीकडची मुलगी गोड बोलली. "काका, पुस्तकात दोघंच आहेत. दोघांवर किती दिवस चालणार?"

"आमचा संसार चालला की," मिस्त्री म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला रागाने रडू आलं होतं.

आज सेक्रेटरीचा तो डोळा बघून मात्र त्याचं डोकंच फिरलं. पंप चालू करून दिला आणि ग्रीसचे हात तसेच घेऊन तो मेहुणीच्या शिलाईच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, त्याला वाटलं.

"जेवायला का येत नाहीस?"

तिने मशीन थांबवलं नाही. "भाऊजी, लोक काय वाट्टेल ते बोलतात. ताईच्या नावाला बट्टा नको."

"बट्टा तू न आल्याने लागतोय. लोकांना वाटतं, चोरी पकडली गेली." त्याने आवाज मुळीच खाली आणला नाही. "उद्या ये. मागच्या बोळातून नको, समोरच्या रस्त्याने ये. दार उघडं असेल, खिडक्याही. ज्याला बघायचंय त्याने खुर्ची टाकून बघावं."

मेहुणीने दाताने धागा तोडला. "भाजी कुठली आणू?"

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी समोरच्या रस्त्याने आली. समोरच्या गॅलऱ्यांत एकाएकी सगळ्यांचे कपडे वाळत घालायचे राहिले होते.

मिस्त्रीने मोरीत हात धुतले, आधी रॉकेल, मग साबण. मेहुणीने टॉवेल पुढे केला आणि पाठ फिरवून डबा उघडायला घेतला. पुस्तक तिनेही वाचलं होतं. मिस्त्री बायकोच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेला आणि ती बसली की तिचं नाक जिथे यायचं, तिथे त्याने दोन्ही तळवे धरले. खिडक्या उघड्याच होत्या. कोण बघतंय ते त्याने पाहिलं नाही.

मग तो जेवायला बसला.