दोन बोटं जाड भालकी

व्यंकटनं क्रूझरच्या काचेखाली नवी पाटी ठोकली, तेव्हाच त्याच्या मनात जास्तीची सहा माणसं गाडीत बसून झाली होती. खटकचिंचोळीच्या स्टँडावर पाच गाड्या उभ्या राहत. लांबून जिचं नाव दिसेल, तिच्याकडे माणूस आधी वळणार.

जुनी पाटी वेलबुट्टीची होती. शेपट्या, सावल्या, मधे कमळ. गाव कुठलं ते व्यंकटलाच ठाऊक. नवी पंचशीलानं केली होती. माणिकराव पेंटरच्या या लेकीनं कंपास आणि पट्टी घेऊन स्वतःची अक्षरं बांधली होती. गोल म्हणजे पुरा गोल, काना म्हणजे सरळ खांब, आणि जाडी सगळीकडे एकच, दोन बोटं. मराठी आणि कानडी एकाच कंपासातून निघालेली. शाळेच्या भिंतीवर, तुरीच्या पोत्यांवर, विहाराच्या फलकावर हीच अक्षरं छाती काढून उभी होती.

"अक्का, जरा नाजूक न्हाई का जमलं? पैलवानावानी दिसायलेत," शेजारी उभ्या पंचशीलाला व्यंकट म्हणाला.

"लांबनं वाचता याय पायजे म्हणालास की, अण्णा. लाजत उभं ऱ्हायलं तर कोण वाचंल?"

तेवढ्यात चंद्रभागाबाई पिशवी घेऊन आली. हळ्ळीखेडला तिच्या लेकीच्या, नेत्रावतीच्या, मुलीचं बारसं होतं, बाराला पाळणा. साठी उलटल्यावर ती यंदा साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली होती. हे व्यंकटच्या गणितात नव्हतं.

"हळ्ळीखेड ना? बसा अक्का, तिकडंच जायलीय."

दरवेळी असं म्हणून तो बसवी आणि वाटेतल्या फाट्यावर उतरवी. तिथून पुढची गाडी मिळेपर्यंत ऊन खायचं. थोरल्या नातवाच्या बारशाला ती अशीच पोचली होती, बाया घुगऱ्या घेऊन घरी निघाल्यावर.

चंद्रभागाबाईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. मागं सरकली. आणखी मागं. बोट हवेत धरून एकेक अक्षर उचललं.

"भा... ल... की." मग अख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल असं, "भालकी!"

"कामून थांबलाव, अक्का?"

"आरं, ह्यात हळ्ळीखेड कुठं हाय, दाखव की! एवढं ठळक लिवलंस, अन् तेवढंच कसं ऱ्हायलं?"

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. हळ्ळीखेडलाच निघालेल्या चार बाया पिशव्या सावरत खाली उतरल्या.

"थांब गं चंद्रभागा, आमी बी येताव."

व्यंकटनं पंचशीलाकडं पाहिलं. ती पाटीच्या कोपऱ्यातला रंग जुळवत होती.

"बारीक करून देऊ का, अण्णा?"

इतक्यात हळ्ळीखेडची बस आली. चंद्रभागाबाई सगळ्यांच्या पुढं चढली आणि खिडकीची जागा धरून बसली. बाराला पाळणा हलला तेव्हा दोरी तिच्या हातात होती.

त्या सकाळी पाटी साऱ्या स्टँडानं वाचली. पैसे एकट्या व्यंकटनं दिले होते.