दोरी संपली तिथे

डच व्हेलशिकाऱ्यांच्या जुन्या हस्तलिखित नकाशांवरचे आकडे वाचून संगणकात भरायचे, हे माझं बिनपगारी काम. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी दोन वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राची खोली टिपत होते. ते वळणदार अक्षर मी युट्यूब आणि हट्ट यांच्या जोरावर शिकले. या देशात डिग्री न विचारता मिळालेलं हे पहिलंच काम.

परवा या आकड्यांवरून काढलेल्या नव्या नकाशाची प्रत आली. शुक्रवारी छापायला जाणार होती. सगळीकडे दोनशे वाव, म्हणजे बाराशे फूट, खोल पाणी आणि मध्येच साठ वावांवर एक उंचवटा! माझ्याच आकड्यांतून निघालेला. मी नवऱ्याला, चंद्रहासला, हाक मारली.

"तुझंच नाव देऊ, वृंदा बेट म्हणू या."

"पाण्याखाली आहे अरे."

"मग काय, भाडेकरूंची कटकट नाही."

हौसेनं मी मूळ पान मोठं करून पाहिलं. प्रत्येक साठावर एक बारीक आडवी रेघ, रेघेवर टिंब. मी ती लिहिणाऱ्याची नक्षी समजले होते. दुसऱ्या एका नकाशाच्या कोपऱ्यात खुलासा सापडला: इतकी दोरी सोडली, तळ लागला नाही.

म्हणजे खलाशी म्हणत होता, दोरी संपली, पुढचं ठाऊक नाही. आणि मी तिथे तळ बांधून मोकळी. त्रेचाळीस ठिकाणी.

"गप्प बस," चंद्रहास म्हणाला. "सांगितलंस तर काम जाईल. त्या बर्फात कोण बघायला जातंय?"

"दोरी सोडणारा गेला होता ना! बोटं गारठलेली असताना त्यानं थाप मारली नाही. मी हीटरशेजारी बसून मारू?"

आमच्या स्वयंसेवकांच्या प्रमुख आनेकेला मी फोन करून चूक सांगितली.

"किती आकडे?"

"त्रेचाळीस."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "छपाई थांबवते. तेवढे आजच दुरुस्त कर. पण वृंदा, तुझी सगळी पानं आता दुसरं कुणीतरी तपासेल. तोवर नवं पान नाही."

इथली माणसं गोड करून सांगत नाहीत. मी "बरं" म्हटलं आणि डोळे पुसून बसले.

एकेका आकड्यावर रेघ आणि टिंब देत गेले, तसा पडद्यावरचा उंचवटा विरत गेला. शेवटी तिथे कोरी जागा उरली. चंद्रहास चहाचा कप घेऊन मागे उभा होता.

"मग खाली आहे तरी काय गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "तसंच लिहिलंय."