पडद्याखालच्या ओळी

“काय म्हणाला गं तो?” मास्तरीण अंधारात सिस्टरच्या कानाशी कुजबुजली.

“म्हणतो, नदीवरचा पूल पडलाय. आता गावाकडे जायला वाट नाही.”

“आणि ती?”

“ती काही बोलली नाही. कपडे वाळत घालतेय.”

“ते कळलं. पांढरं काहीतरी हलतंय.”

पडद्यावर दूरच्या कुठल्याशा देशातलं युद्ध चाललं होतं. महोत्सवातल्या या चित्रपटाची भाषा तिघींनाही कळत नव्हती, आणि खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी मास्तरणीला वाचता येत नव्हत्या. गेल्या वर्षभरात तिच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसलं जाई. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला आता स्वतःच्या दारावरच्या पाटीची अक्षरं लागत नव्हती. म्हणून सिस्टर शेजारी बसून वाचून दाखवत होती. सिस्टरच्या पलीकडे तिसरी मैत्रीण. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, त्यामुळे दोघींनी तिचं नावच ‘एक्स्चेंज’ ठेवलं होतं. पास मिळवण्याची कामगिरी फत्ते करून ती केव्हाच डुलक्या घेऊ लागली होती.

पडद्यावर एक अधिकारी फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून हातात धरली. ओळ उमटायच्या आधीच सिस्टरला कळलं, हा काय सांगायला आलाय ते. नर्सची नोकरी होती तेव्हा वॉर्डात हे काम हटकून तिच्याच गळ्यात पडायचं. डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, तुम्हीच सांगा, तुम्हाला जमतं.” जमतं म्हणजे काय, तर ती एकदम सांगत नसे. आधी “जरा गंभीर आहे” म्हणे, माणसाला बसवी, पाणी देई, आणि मग घोटाघोटाने सांगे. मास्तरणीच्या नवऱ्याच्या वेळीही तिने तसंच केलं होतं. वॉर्डाबाहेरच्या त्या बाकावरच दोघींची ओळख झाली, आणि ती जन्माची झाली.

खाली ओळ आली : तुमचा मुलगा पुलाजवळ मारला गेला. तिकडेच कुठेतरी पुरलंय त्याला.

“काय गं?”

“जखमी झालाय म्हणे,” सिस्टरच्या तोंडून निघून गेलं. “इस्पितळात ठेवलाय.”

मग पुढची पंचाईत सुरू झाली. मेलेल्या माणसाला जिवंत ठेवणं हे वॉर्डात घटकाभराचं काम असे, इथे चित्रपट संपता संपेना. पडद्यावरची आई शेजारणीला म्हणाली, “त्याला कुठे पुरलंय तेही मला ठाऊक नाही.” सिस्टरने सांगितलं, इस्पितळाचं नाव कळलेलं नाही म्हणते. आईने मुलाचे बूट पुसले, बराच वेळ जवळ धरले आणि शेजारणीच्या मुलाला देऊन टाकले. “उसने दिलेत,” सिस्टर म्हणाली.

दिवे लागले तशी एक्स्चेंज सरळ बसली. “छान होता. संगीत तर फारच छान.”

“तुझ्या घोरण्यातून आम्हाला नाही ऐकू आलं,” मास्तरीण म्हणाली.

एक्स्चेंज हसत हसत पुढच्या खेळाच्या रांगेत जागा धरायला गेली. उरलेल्या दोघी शेजारच्या कॅन्टीनमध्ये टेबलाशी समोरासमोर बसल्या. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. चहा आला.

“मुलगा मेला होता ना गं?” मास्तरणीने साखर ढवळत विचारलं.

“कशावरून?” सिस्टर म्हणाली.

“उसने द्यायचे बूट कुणी तेवढा वेळ छातीशी धरत नाही. तेवढं मला कडेने दिसलं. आणि तुझा आवाज तसा झाला होता. त्या बाकावर झाला होता तसा.”

“तेव्हा मी…”

“तेव्हा तू केलंस ते बरंच केलंस. एकदम ऐकवलं असतंस तर मी तिथेच कोसळले असते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.” तिने चाचपत कप बशीत ठेवला. “पण परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तुला आत ठेवून घेतलं. बाहेर येऊन तू म्हणालीस, थेंब घालत राहू, बघू काय होतं ते. तेव्हाही आवाज तोच होता.”

सिस्टरचा हात सवयीने पाण्याच्या ग्लासाकडे गेला.

“पाणी नको. सांग.”

सिस्टरने हात मागे घेतला. मग आडवळण न घेता तिने सांगितलं. “उपाय नाही म्हणाले. पूर्ण काळोख नाही व्हायचा, कडेचं थोडं राहील. पण वाचणं, माणसांचे चेहरे, ते जाईल.”

“कधी?”

“वर्षभरात. कदाचित आधीही.”

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी चित्रपटाबद्दल हिरिरीने वाद घालत होतं.

“मग त्या थेंबांचा उपयोग काय?” मास्तरणीने विचारलं.

“डोळे कोरडे पडू नयेत, एवढाच.”

“मग ते बंद. फार झोंबतात मेले.”

सिस्टरला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. इतक्या माणसांना इतकं काय काय सांगितलं, पण त्यांच्यासमोर तिने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तिने ते लपवलं नाही.

“समोर बसू नकोस,” मास्तरीण म्हणाली. “समोर बसलीस की तुझ्या जागी डागच दिसतो मला. इकडे ये, खिडकीकडे.”

सिस्टरने खुर्ची सरकवली. ऊन तिच्या तोंडावर आलं. मास्तरणीने मान दाराकडे वळवली, जणू कुणाची वाट पाहतेय, आणि डोळ्यांच्या कडेने सावकाश तिला न्याहाळू लागली.

“केस अगदी पांढरे झाले की तुझे.”

“झाले.”

“मला कुणी सांगितलं नाही ते.”

रांग पुढे सरकली म्हणून एक्स्चेंज दारातून हात हलवून बोलावत होती. मास्तरणीचं पाहणं अजून संपलं नव्हतं. सिस्टरने चष्मा काढून मांडीवर ठेवला, पदराने डोळे कोरडे केले आणि उन्हाकडे तोंड करून ती न हलता बसून राहिली.