डावा हात

लाँड्रीवाल्या वहिनीचे हात इस्त्रीवर आणि कान एका बँडवर, हा रोजचा शिरस्ता. बँड असा की ठरलेलं काही वाजवायचाच नाही. एकच गाणं एका मैफलीत चहा उकळायच्या आत संपायचं, तर दुसरीत चादरींची अख्खी चळत इस्त्री झाली तरी चालूच. चाहते मैफली रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवायचे आणि वहिनी त्या ऐकून काय वाटलं ते चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहायची, खाली दुकानाचं नाव टाकून. लिहिणं रोखठोक, त्यामुळे लोक वाट बघायचे.

ड्रमवाल्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. बाकीचे कुठेही भरकटले तरी हा बाबा जागचा हलायचा नाही. पण गेल्या आठवड्यात वहिनीनं लिहिलं, 'घड्याळ मागे पडायला लागलंय. डावा हात ऐका.'

आणि आज दुपारी तोच दुकानात उभा राहिला. गल्ल्यावरच्या नणंदेनं सवयीनं पावती मागितली.

"पावती नाही. माझ्या हाताबद्दल लिहिणाऱ्या बाई कोण?"

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. झाली चुगली.

"मी," वहिनी म्हणाली. इस्त्री तिनं नीट उभी करून ठेवली.

"तुम्ही लिहिलंत आणि सगळे माझ्या हाताकडे टक लावून बसलेत. संध्याकाळी बँडची बैठक आहे, मला ठेवायचं की नाही यावर. रेकॉर्डिंगच खराब होतं असं लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

"खराब नव्हतं."

"दोन ओळी लिहायला तुमचं काय जातं? माझं सगळंच जाईल."

"टाक ना लिहून, वहिनी," नणंद पुटपुटली. "कशाला नसती आफत?"

खोटं लिहिलं तरी लोक विश्वास ठेवतील, हीच तर पंचाईत होती. शेवटी तिनं कपडे वाळवायचं यंत्र बंद केलं आणि फोनवर एक जुनं रेकॉर्डिंग लावून तो गल्ल्यावर ठेवला.

"एकदा ऐका. मग सांगाल ते लिहिते."

तो ओठ घट्ट मिटून ऐकू लागला.

"हा बघा, गिटारवाला थांबला. तुमचा ठोका येईपर्यंत तोच सूर घोळवत राहिला. आता पुढे ऐका, बास गिटारवालाही तुमच्यासाठी थांबतोय."

त्यानं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. डावा हात त्यानं काखेत दाबून धरला होता.

"हे कधीचं?"

"हिवाळ्यातलं."

"म्हणजे तुमच्या लिहिण्याच्या कितीतरी आधीचं." तो गल्ल्याला टेकला. "बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला वाटत होतं, मी लपवतोय."

वहिनीनं फोन जवळ ओढून विचारलं, "काय लिहू?"

"काही नको. आज मीच सांगतो त्यांना."

तो गेल्यावर नणंदेनं यंत्र पुन्हा सुरू केलं. वहिनीनं मात्र तो आठवडाभर पानावर एक ओळही लिहिली नाही.

पुढच्या मैफलीचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा ते लावायला तिचं बोट धजेना. शेवटी नणंदेनंच लावलं. आधी 'घड्याळा'चा आवाज आला, "आज जरा सावकाश जाऊ या." मग गाणं सुरू झालं, नेहमीपेक्षा बरंच संथ, आणि त्यात उरलेले चौघेही त्याच्याच चालीनं निघाले.

"बरं वाजवलंय का गं?" नणंदेनं विचारलं.

"दोनदा चुकलाय," वहिनी म्हणाली. "पण आता कोणी झाकत नाहीये."

आणि तिनं ते तसंच लिहिलं.