विसालच्या दोन सुया

इजिप्तमधल्या किना गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून बावीस वर्षं काढली मी. जुळ्यांच्या गोष्टी ऐकून कान किटले. म्हणे जुळी झोपली की त्यांचा जीव मांजरात शिरून हिंडतो, म्हणून आमच्याकडे मांजराला कुणी मारत नाही. मी म्हणायचे, काहीतरीच.

विसालला चौथा महिना सरत आला होता. पोटात जुळी. थोरल्या लेकीला, मलकला, जन्मापासून थॅलेसेमिया, दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. ही दोघंही तशीच निघतात का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. डॉक्टर बुशरांनी काही लपवलं नाही.

"दोघांच्या पिशव्या वेगळ्या, म्हणजे तपासायला गर्भाभोवतीचं पाणी काढायचं तर सुया दोन. शंभरात एखादीचा गर्भ पडतो. जुळ्यांत धोका जरा जास्तच."

"करा," विसाल म्हणाली.

तिची सासू, उम्म रजब, दारातच अडून बसली. पायरीवर दोन मांजरं उन्हात झोपली होती.

"ती उठेपर्यंत थांबा गं बाई. पोरं बाहेर गेलीत."

"हाज्जा, डॉक्टरांची कैरोची गाडी तुमच्या मांजरांसाठी थांबायची नाही," मी म्हटलं आणि झाडू घेऊन दोघांना हाणलं. एक पळालं. दुसरं लंगडत भिंतीपाशी गेलं आणि तिथून माझ्याकडे बघत राहिलं. म्हातारी दारातून बाजूला सरकली. मला मेलीला तेव्हा बरंच वाटलं.

सुया नीट गेल्या. दोन्ही काळजं मशीनवर धडधडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

तिसऱ्या दिवशी एकच धडधडत होतं. डॉक्टर म्हणाल्या, सुईनं झालं असेल, नसेलही, कुणालाच सांगता यायचं नाही. मला मात्र ते लंगडणारं मांजर आठवलं. त्या दिवसापासून पायरीवर पाय ठेवायची मला भीती वाटते.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दोघंही निरोगी. विसालनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. रडली नाही. तपासणीच्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

डॉक्टरांनी मशीन लावलं. जिवंत पोर दोन पिशव्यांमधल्या पातळ भिंतीला तोंड लावून होतं. एक हात त्या भिंतीवर टेकलेला. डॉक्टरांनी पोट हलवून पाहिलं, तरी ते तिथून हललं नाही.

"तहानी," विसालनं मला हळूच विचारलं, "पलीकडचं गेलं, ते याला कळलंय का?"

"छे गं, एवढ्याशा जिवाला काय कळणार," मी म्हटलं, आणि तिला दिसू नये म्हणून मशीनचा पडदा खोलीच्या भिंतीकडे फिरवला.